अंबरच्या मण्याची झाडाझडती

दोनेक महिन्यांपूर्वी माझी एक मैत्रीण एक छोटी डबी घेऊन लॅबमध्ये आली. आत मऊ कापडात गुंडाळलेली पिवळ्या-तपकिरी मण्यांची माळ होती, तिच्या आजीची. घरात पहिल्यापासून सांगत आलेत की ही अंबरची माळ आहे आणि ती ब्रह्मदेशातून आलीये, पण कोणी आणली, कधी आणली हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. "तुमच्याकडे ते मशीन आहे ना, मग सांग बघू हे ब्रह्मदेशाचंच आहे का," असं म्हणत तिने मधला सगळ्यात मोठा मणी चिमटीत धरला, स्वेटरच्या बाहीवर खसाखसा घासला आणि टेबलावर पडलेल्या कागदाच्या कपट्यांवर नेला. दोन-तीन कपटे टुणकन उडून चिकटले. "बघ! लहानपणापासून मी हे करतेय. बाकीच्यांचं माहीत नाही पण हा तर शंभर टक्के अस्सल."

आता ही गंमत खरंच फार जुनी आहे. संस्कृतात अंबरला तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत कहरुबा, त्याचाही अर्थ तोच, काडी पळवणारा. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणायचे आणि आपली सगळी इलेक्ट्रिसिटी त्या शब्दावरून आलीये. तीन भाषांतल्या लोकांना तेच दिसलं. फक्त एक घोळ आहे, घासल्यावर कागद प्लास्टिकचा कंगवाही ओढतो. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही, उगाच सुरुवातीलाच विरजण कशाला.

बरं, अंबर म्हणजे काय हे आधी. सगळीकडे लिहिलेलं असतं 'झाडाचा डिंक गोठून दगड झाला' आणि ते वाचलं की माझं डोकं फिरतं. डिंक वेगळा, राळ वेगळी. डिंक म्हणजे साखरेच्या लांबच लांब साखळ्या, पाण्यात टाका, फुगतो किंवा विरघळतो, तो कोट्यवधी वर्षं टिकणारच नाही. राळ मात्र टर्पीन जातीच्या रेणूंची असते, पाण्याला दाद देत नाही, आणि झाडातून बाहेर आल्यावर हवेत आणि उजेडात तिचे रेणू एकमेकांचे हात धरायला लागतात. मग ती गाळाखाली गाडली जाते, लाखो वर्षं दाब आणि उष्णता सोसते, हळूहळू हे हात धरणं इतकं वाढतं की सगळा तुकडाच एक अवाढव्य जाळं होऊन बसतो. ते अंबर. आणि जिचं जाळं अजून नीट विणलंच गेलं नाही ती कोपल, म्हणजे कच्ची राळ, जी बाजारात सर्रास अंबर म्हणून खपवतात. अल्कोहोलचा किंवा अॅसिटोनचा थेंब टाकला की कोपल चिकट होतं, अंबर सहसा नाही.

मुद्दा असा की प्रत्येक झाडाची राळ वेगळी, त्यामुळे प्रत्येक अंबरचं रसायन वेगळं, आणि या एका गोष्टीवर 'हे अंबर कुठलं' हा सगळा खेळ चालतो.

तर आमचं मशीन म्हणजे एफटीआयआर. वस्तूवर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा, रेणूंमधले वेगवेगळे बंध आपापल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला तो प्रकाश गिळतात, आणि कागदावर डोंगर-दऱ्यांसारखी एक रेष उमटते. आमचं मशीन बऱ्यापैकी जुनं आहे, त्यात सँपल थेट ठेवायची सोय नाही, पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून गोळी करावी लागते. माळेतल्या एका मण्याचा भोकाजवळ टवका उडालेला होता, तिथूनच मी सुईच्या टोकाने थोडी पूड खरवडली. एक-दोन मिलिग्रॅम, मोहरीच्या दाण्याहून कमी. मैत्रीण श्वास रोखून बघत होती, जणू ऑपरेशन चाललंय. खलबत्त्यात पूड घोटायला लागले तसा मंद वास आला, धूप आणि टर्पेंटाइनच्या मधला काहीतरी. तो वास आला तेव्हाच मला कळलं की हा मणी तरी प्लास्टिक नाही.

आणि मग मी माती खाल्ली.

पहिला ग्राफ आला त्यात १६४० च्या आसपास एक ठळक दरी. (हे आकडे वेव्हनंबरचे, एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात त्याचे.) आता १६४० म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध, आणि राळ जितकी तरुण तितके हे बंध जास्त शिल्लक, कारण हात धरण्याच्या कामात अजून ते वापरले गेलेले नसतात. मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं अगं हे बहुतेक कोपल आहे, फार जुनं नाही. तिचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. रात्री घरी ग्राफ पुन्हा उघडला तर ३४०० च्या जागी हा भलामोठा खड्डा, म्हणजे पाणी! पोटॅशियम ब्रोमाइड हवेतलं बाष्प शोषून घेतं, आमची बाटली कोणीतरी उघडी ठेवली होती (कोणीतरी म्हणजे मीच असणार), आणि पाण्याचा स्वतःचा एक पट्टा नेमका १६४० च्या जवळच येतो. कोपल असतं तर ८८८ लाही तशीच ठसठशीत दरी हवी होती, ती तर जेमतेम दिसत होती. इतकी बाळबोध चूक, एम.एस्सी.च्या पोरांना मी हीच चूक करू नका म्हणून सांगत असते.

पावडर रात्रभर ओव्हनमध्ये ११० अंशांना ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नवीन गोळी केली. या वेळी रेष स्वच्छ आली. १७३५ च्या आसपास कार्बोनिलची, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची खोल दरी, आणि मग जिच्यासाठी सगळा अट्टहास ती जागा: १२५० पासून ११७५ पर्यंत रेष जवळजवळ आडवी, टेबलासारखी सपाट, आणि ती सपाटी संपताच ११५० च्या जवळ धाडकन खाली. याला बाल्टिक शोल्डर म्हणतात, बाल्टिक खांदा. एकदा पाहिलात की विसरत नाही, माणसाची चाल ओळखावी तसा लांबून ओळखू येतो.

म्हणजे ब्रह्मदेश बाद. तिथल्या अंबरच्या, म्हणजे बर्माइटच्या ग्राफला त्या जागी अशी सपाटी नसते.

हा खांदा येतो कुठून तर सक्सिनिक अॅसिडमुळे. या आम्लाच्या रेणूला दोन्ही टोकांना पकडायला हात असतो, त्यामुळे राळेच्या एका साखळीला एका हाताने आणि दुसरीला दुसऱ्या हाताने धरून ते टाका घालतं, एस्टरचा टाका, आणि त्या एस्टरमधल्या कार्बन-ऑक्सिजन बंधांची सही म्हणजे हा खांदा. बाल्टिक अंबरमध्ये हे आम्ल साधारण ३ ते ८ टक्के सापडतं. आम्लाचं नावसुद्धा अंबरवरूनच पडलंय, लॅटिनमध्ये अंबरला सक्सिनम म्हणतात, आणि गेओर्ग आग्रिकोलाने १५४६ मध्ये अंबर तापवून ते पहिल्यांदा वेगळं केलं. (हेच आम्ल आपल्या पेशींमध्ये क्रेब्स सायकलमध्ये क्षणोक्षणी बनतं आणि संपतं. अकरावी-बारावीला पाठ केलेलं असतं सगळ्यांनी, पण हे अंबरचं आम्ल आहे असं कोणी सांगत नाही.)

या आम्लावरून मूळ गाव शोधायची कल्पना मात्र एका औषधविक्याची. झालं काय, १८७६ मध्ये हाइनरिश श्लीमानने ग्रीसमध्ये मायसिनीच्या कबरी उकरल्या, त्यात सोन्याच्या मुखवट्यांबरोबर अंबरचे मणी निघाले, एकट्या चौथ्या कबरीत हजाराहून जास्त. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. ग्रीसमध्ये तर अंबर मिळत नाही, मग हे आलं कुठून? डान्झिगचा, म्हणजे आताच्या ग्दान्स्कचा ऑटो हेल्म पेशाने फार्मासिस्ट, समुद्रकिनाऱ्यावर अंबर सापडणाऱ्या गावातच राहणारा, त्याने मायसिनीचं अंबर बंद भांड्यात तापवलं, सक्सिनिक अॅसिड निघालं, आणि त्याने जाहीर केलं की हे आमच्या बाल्टिकचं. निष्कर्ष बरोबर होता हो, पण तर्क लंगडा. सक्सिनिक अॅसिड सापडलं म्हणजे बाल्टिकच असं म्हणायला आधी बाकीच्या ठिकाणच्या अंबरमध्ये ते नसतं हे दाखवावं लागतं, आणि नंतर कळलं की युरोपातल्या दुसऱ्या काही जीवाश्म राळांमध्येही ते असतं. शिवाय या पद्धतीत मणी चक्क जाळायचे! आज कुठल्या म्युझियममध्ये जाऊन 'तुमचे चार मणी द्या, जाळून बघते' म्हटलं तर काय होईल.

पुढे जवळपास ऐंशी वर्षं गाडी तिथेच अडली होती. मग अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजचा कर्ट बेक, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, त्याने १९६४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर इन्फ्रारेडचे ग्राफ छापले आणि सांगितलं की मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम पुरे आहे, खांदा बघा. त्यानंतर पुढचं सगळं आयुष्य तो हेच करत राहिला, युरोपभरच्या उत्खननांतले हजारो तुकडे त्याच्या लॅबमधून गेले. मला या माणसाबद्दल जाम आदर आहे. एकच प्रश्न, एकच मशीन, आणि वर्षानुवर्षं तेच. मायसिनीचं उत्तरही पक्कं झालं ते या पद्धतीनेच.

आणि उत्तर नेहमी बाल्टिकच येतं असं नाही बरं का. स्पेन-पोर्तुगालमधल्या प्रागैतिहासिक कबरींतलं अंबर उत्तरेतूनच आलं असणार असं वाटायचं, २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात त्याचे ग्राफ पाहिले तर जुने तुकडे निघाले सिसिलीचे, सिमेटाइट म्हणतात त्याला, तिथल्या सिमेतो नदीवरून. इ.स.पू. चौथ्या सहस्रकापासून सिसिलीचं, आणि बाल्टिकचं आलं ते पार इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात. उलट सीरियात कत्ना नावाच्या जागी २००२ मध्ये सापडलेल्या राजघराण्याच्या थडग्यात अंबरचं सिंहाच्या तोंडाचं एक भांडं होतं, इ.स.पू. १३४० च्या आसपासचं, ते तपासलं तर बाल्टिक! एवढ्या लांब. एका खांद्यावरून व्यापाराचे असे रस्ते उलगडतात, मला तरी अंगावर काटा येतो.

तर मी मैत्रिणीला फोन केला, म्हटलं कोपल नाही, माफ कर, अस्सल अंबर आहे, पण ब्रह्मदेशाचं नाही, बाल्टिक आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे पोलंड?"

आणि इथेच खरी अडचण आहे जी सांगायला मी हे सगळं लिहायला बसले. मशीन झाड ओळखतं, गाव नाही. ग्राफ म्हणतो हे सक्सिनाइट आहे, म्हणजे अमुक जातीच्या झाडाची, साधारण साडेतीन ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीची राळ. ते झाड मोठ्या प्रदेशात होतं, त्यातून पुढे नद्यांनी, समुद्राने आणि हिमयुगातल्या हिमनद्यांनी ही राळ उचलून कुठल्या कुठे नेऊन टाकली. त्यामुळे सक्सिनाइट पोलंडला मिळतं, कालिनिनग्रादला मिळतं, डेन्मार्कच्या किनाऱ्यावर, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर मिळतं, युक्रेनमध्ये रिव्नेच्या बाजूला जमिनीतून निघतं. सगळ्यांना तोच खांदा. जर्मनीत बिटरफेल्डच्या खाणीतलं अंबर तर अशी डोकेदुखी आहे की ते बाल्टिकचंच वाहून आलेलं की तिथलं वेगळं, यावर भूगर्भवाले आणि अंबरमध्ये अडकलेले कीटक अभ्यासणारे भांडत आलेत. मग ग्राफवर 'बाल्टिक' लिहिणं म्हणजे पत्ता नाही, ते आडनाव आहे.

त्यात गंमत म्हणजे ते झाड कुठलं यावरसुद्धा एकमत नाही. आधी म्हणायचे पाइन, मग कोणी म्हणालं अगाथिसचं कूळ, कोणी म्हणालं स्युडोलॅरिक्स कारण त्याच्या राळेत सक्सिनिक अॅसिड सापडतं. २००९ मध्ये एका गटाने आजच्या सूचिपर्णी झाडांच्या राळांचे इन्फ्रारेड ग्राफ अंबरशी ताडून बघितले आणि बोट दाखवलं सायडोपिटिसच्या कुळाकडे, ज्यातली आज एकच जात उरलीये, जपानमधला अंब्रेला पाइन. म्हणजे ज्याची सही आपण साठ वर्षं ओळखतोय तो सही करणारा नेमका कोण, त्याचा शोध चालूच.

यापेक्षा बारकाईने बघायचं तर अजून हत्यारं आहेत. पायरोलिसिस जीसी-एमएसमध्ये तुकडा क्षणात तापवून फोडतात आणि निघालेला एकेक रेणू वेगळा करून ओळखतात, १९९२ मधलं केन अँडरसनचं वर्गीकरण त्याच धाटणीचं. बाल्टिक त्यात वर्ग एक-अ. डोमिनिकन रिपब्लिकचं अंबर एक-क, ते शेंगा येणाऱ्या हायमेनियाच्या झाडाचं. वर्ग दोनमध्ये मला जास्त जीव आहे कारण त्यात गुजरातच्या वस्तान लिग्नाइट खाणीतलं अंबर येतं, पाचेक कोटी वर्षांपूर्वीचं, डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांचं. साल वृक्ष त्याच कुळातला, आणि राळ हा आपला शब्द मुळात त्या सालाच्या चिकाचाच! म्हणजे वर्ग दोन ही शब्दशः जीवाश्म झालेली राळ. एनएमआरवाल्यांची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल बघणाऱ्यांची वेगळी शाळा आहे, बरीच वर्षं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असलेला जोसेफ लॅम्बर्ट त्यातला मोठा माणूस, पण त्यात मी फार शिरत नाही, ते मशीन आमच्याकडे नाही आणि असूया वाटते.

जुन्या वस्तूंचा अजून एक त्रास म्हणजे कातडी. हवेत राहून अंबरचा वरचा थर ऑक्सिडाइझ होतो आणि तो खांदा कलतो, सपाट रेष उतरती होते. त्यात कोणी प्रेमाने मेण किंवा व्हार्निश चोळलेलं असलं तर संपलंच, तुम्ही अंबरचा नाही तर मेणाचा ग्राफ काढून बसता.

मैत्रिणीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं मग बाकीचे मणी?" मला खरं तर कंटाळा आला होता. म्हटलं शितावरून भाताची परीक्षा झालीये की. पण मग माझं मलाच खटकलं, शितं एका भांड्यात एकत्र शिजलेली असतात, माळेचे मणी तसे नसतात ना, दोरा तुटतो, मणी हरवतात, कोणीतरी नवीन ओवतं. दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये एटीआर आहे, त्यात मणी नुसता हिऱ्याच्या छोट्याशा खिडकीवर दाबून धरायचा, खरवडायला लागत नाही. गोल मणी त्यावर नीट टेकवणं हे एक दिव्यच, जास्त दाबला तर तडा जायची भीती. एक एक करत अकरा मणी केले, अकराही खांदेवाले. बाराव्याला तो मोठा मधला घेतला.

खांदा नाही. १७३५ ला काही नाही! त्याऐवजी १६०० आणि १५०० च्या आसपास बेंझिनच्या कड्यांच्या टोकदार खुणा, वर ३३०० ला पसरट फेनॉलचा पट्टा. बेकेलाइट. अंबर नव्हे, कोपल नव्हे, कुठल्याही झाडाशी संबंध नाही, विसाव्या शतकातलं प्लास्टिक.

मी दोनदा जागा बदलून घेतलं, कारण पहिली चूक ताजी होती. तेच.

मग मात्र तिनेच दोरा कापायला परवानगी दिली (आधी याच्यावरून केवढं अडलं होतं). मोठ्या बीकरमध्ये मिठाचं पाणी केलं, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं. अंबरची घनता १.०५ ते १.१०, ते अशा पाण्यावर तरंगतं, बेकेलाइट जड असल्याने बुडतं. ४३ मणी सोडले. ४२ वर, एक तळाशी. एवढी मशीनं, एवढे ग्राफ, आणि हे काम दोन मिनिटांत मिठाने केलं असतं. अर्थात कुठलं अंबर ते मीठ सांगत नाही म्हणा. मणी लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसून ठेवले.

आता डबीत ठेवायला तिला एक चिठ्ठी हवी होती. मी लिहिलं: ४२ मणी, १२ तरंगून आणि ग्राफवर तपासलेले, सक्सिनाइट, ३० फक्त तरंगवून पाहिलेले, १ मणी बेकेलाइट. 'मूळ ठिकाण' असं तिने आधीच लिहून पुढे जागा सोडली होती. मी तिथे 'उत्तर युरोप' लिहिणार होते, मग युक्रेन आठवलं आणि पेन उचललं. शेवटी ती म्हणाली राहू दे मोकळं. १२ चे ११ करायचे राहिलेत हे आत्ता लिहिताना लक्षात आलं... नाही, बरोबर आहे, टवक्याचा एक धरून १२.

माळ पुन्हा ओवली तेव्हा मधला मणी त्यात घालायचा की नाही यावर बराच खल झाला. नाही घातला. पण टाकलाही नाही, तो आता तिच्या मुलीच्या कंपासपेटीत असतो, आणि ती दिवसभर स्वेटरवर घासून कागद उचलत बसते.